सहा ओळी आणि त्यांच्या माथ्यावरचा परिच्छेद

१९८६ साली जॉन बेंटली यांनी संगणकशास्त्राच्या एका मासिकातील आपल्या सदरासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांना एक काम सांगितले. दिलेला मजकूर वाचून त्यात सर्वाधिक वेळा आलेल्या शब्दांची, प्रत्येकाच्या मोजणीसह, यादी देणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहावयाचा होता. प्रोग्रॅम हा आधी माणसाने वाचण्यासाठी असतो आणि मग यंत्राने चालवण्यासाठी, अशी क्नुथ यांची भूमिका. त्यामुळे त्यांनी विवेचन आणि कोड एकमेकांत गुंफलेला, कित्येक पानांचा प्रोग्रॅम लिहून दिला. त्याचे परीक्षण बेल लॅब्जमधील डग मॅकिलरॉय यांच्याकडे होते. युनिक्स या संगणक प्रणालीमध्ये एका कमांडीचे उत्तर दुसऱ्या कमांडीच्या हाती देणारी 'पाइप'ची कल्पना ज्यांची, तेच हे मॅकिलरॉय. त्यांनी क्नुथ यांच्या कामाची मनापासून वाखाणणी केली आणि पुढे तेच काम सहा छोट्या कमांडी एकापुढे एक जोडून करून दाखवले.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांमध्ये या सहा ओळींना जो मान आहे तो रास्तच आहे. शब्द वेगळे करा, सगळे लहान लिपीत आणा, क्रमाने लावा, सारखे शब्द एकत्र मोजा, मोजणीप्रमाणे उलट क्रम लावा आणि वरचे हवे तेवढे ठेवा, इतके ते सरळ आहे. परंतु या ओळींना मराठी मजकूर दिला, तर काय होते हे प्रत्येक मराठी प्रोग्रॅमरने एकदा पाहावे. पहिली कमांड इंग्रजी ए ते झेड सोडून येणारे प्रत्येक चिन्ह पुसून त्या जागी नवी ओळ घालते, आणि अशा लागोपाठ आलेल्या ओळींची एकच ओळ करते. मराठीतले एकही अक्षर ए ते झेडमध्ये बसत नाही. साहजिकच अख्खा मजकूर आटून एका रिकाम्या ओळीवर येतो आणि उत्तर मिळते: रिकामा शब्द, एक वेळा. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. कमांड यशस्वी झाली असेच यंत्र सांगते.

नव्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये हे सुधारले असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पायथन या भाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीत, 'शब्दातील अक्षर' म्हणून जे चिन्ह वापरतात, त्यात देवनागरी व्यंजने येतात. पण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह येत नाही, कारण सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या वर्गवारीत ती अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. त्यामुळे 'शेतकरी' या एका शब्दाचे 'श' आणि 'तकर' असे दोन तुकडे पडतात. त्यापेक्षा 'ऑक' या १९७७ च्या कमांडीला मोकळ्या जागेवर शब्द तोडायला सांगावे आणि विरामचिन्हे आधी काढून टाकावीत, तर मराठीची मोजणी बिनचूक होते. मी स्वतः तेच करते.

इतक्या जुन्या गोष्टीपासून सुरुवात करण्याचे कारण माझ्या रोजच्या कामात आहे. परभणी आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांतील लहान संस्थांचे संगणक मी सांभाळते. मोंढ्यातील आडत दुकाने, पतसंस्था, एक-दोन जिनिंग, वसमतकडचे हळदीचे व्यापारी आणि काही महाविद्यालये अशा या संस्था आहेत. यांतील बहुतेक ठिकाणी एक सर्व्हर असतो, तोही पुष्कळदा टेबलाखालचा साधा संगणक, आणि त्यातले कळणारा एकच माणूस असतो, जो दोन-तीन वर्षांत पुण्याला नोकरीला जातो. तो गेल्यावर मागे उरतात त्या त्याने ठेवलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांडी लिहून ठेवलेल्या फाइली: बॅकअपची एक, जुने लॉग पुसणारी एक, डिस्क भरत आली की कळवणारी एक आणि यादी जुळवणारी एखादी. त्या बहुधा कोठून तरी उचललेल्या असतात, आणि उचलण्यात काही गैर आहे असे मी मानत नाही. केन थॉम्पसन यांच्या 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या कमांडीपासून आजपर्यंत या क्षेत्रातील ज्ञान असेच हातोहात पोहोचले आहे. प्रश्न पुढचा आहे. बागायती पट्ट्यातले वाण आपल्या कोरडवाहू रानात पेरायचे, तर आधी रान पाहावे लागते. तसा उचललेला तुकडा आपल्या गावच्या लिपीला, आपल्या घड्याळाला आणि आपल्या विजेला लावून पाहावा लागतो. ते पाहण्याचे श्रम कोणी घेतले असतील, तरी स्क्रिप्टमध्ये त्याची नोंद सहसा नसते. आता संगणकालाच स्क्रिप्ट लिहून मागण्याची सोय झाली आहे, तरी त्यालाही आपले रान ठाऊक नसते.

गावांच्या नावांचेच पाहा. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावे शेजारी असली, की एक बुद्रुक आणि एक खुर्द. लिहिताना आपण 'बु.' आणि 'खु.' असे संक्षेप करतो आणि पुष्कळ जण टिंबाऐवजी दोन उभे दंड देतात. देवनागरी दंड कीबोर्डवर सहज सापडत नाही, म्हणून टंकणारा माणूस इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ दोनदा दाबतो: 'पिंपळगाव बु||'. कागदावर यात काहीच बिघडत नाही. पण हीच उभी रेघ म्हणजे मॅकिलरॉय यांचा पाइप, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये तिचाच अर्थ 'किंवा' असा होतो. सभासदांच्या यादीतून या गावचे लोक काढण्यासाठी कोणी हे नाव जसेच्या तसे विस्तारित ग्रेपला दिले, तर ग्रेप त्याचा अर्थ 'पिंपळगाव बु, किंवा काहीच नाही, किंवा काहीच नाही' असा लावते. 'काहीच नाही' प्रत्येक ओळीत सापडते. म्हणून एका गावची यादी मागितली असता तालुक्याची यादी हाती येते. उपाय एका अक्षराचा आहे: ग्रेपला 'एफ' हा पर्याय द्यायचा, म्हणजे ती दिलेला मजकूर नमुना न मानता अक्षरशः शोधते. उपाय इतका लहान असल्यामुळेच पुढे कोणाला तरी तो निरर्थक वाटतो आणि तो काढून टाकला जातो. त्या 'एफ'च्या वर 'गावांच्या नावांत उभ्या रेघा आहेत' एवढे एक वाक्य असले, की तो टिकतो.

अंकांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आडतीच्या पट्ट्यांवर, हमाली-तोलाईच्या नोंदींत देवनागरी आणि इंग्रजी अंक सर्रास मिसळलेले असतात आणि बेरीज करण्यापूर्वी ते एका जातीचे करावे लागतात. एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणारी 'टीआर' ही कमांड अशा वेळी सर्वांत आधी आठवते. पण लिनक्सवरील नेहमीची टीआर बाइट मोजते, अक्षर मोजत नाही. युनिकोडची चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते, त्यामुळे टीआरच्या हातून अंकांचा चुरा होतो. मजकुरात बदल करणाऱ्या 'सेड' या कमांडीतील 'वाय' हा आदेश मात्र अक्षरे ओळखतो आणि शून्यापासून नवापर्यंतची दहा चिन्हे समोरासमोर ठेवली, की तो काम चोख करतो. अट एकच, की त्या वेळी संगणकाला भाषेची व्यवस्था यूटीएफ-८ आहे हे ठाऊक असले पाहिजे. टर्मिनलवर बसून चालवताना ते ठाऊक असते. तीच स्क्रिप्ट नेमल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या हवाली केली, की अनेक सर्व्हरवर क्रॉन भाषेची माहिती सोबत देत नाही. सेडला एका बाजूला ३० बाइट आणि दुसऱ्या बाजूला १० बाइट दिसतात आणि दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून ती थांबते. दिवसा हाताने चालवले तर बरोबर, रात्री आपोआप चालले तर बंद, अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी प्रथम स्क्रिप्टच्या सुरुवातीला भाषेची व्यवस्था नेमून दिली आहे की नाही ते पाहते. क्रॉनची आणखीही एक खोड येथेच सांगितली पाहिजे. त्याच्या तक्त्यात टक्क्याचे चिन्ह म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी टक्क्याचे चिन्ह लागते, आणि ते उलट्या तिरप्या रेघेने झाकले नाही तर आदेश अर्ध्यातच तुटतो.

महिन्यांच्या बाबतीत बॅशची, म्हणजे कमांडी वाचून चालवणाऱ्या नेहमीच्या शेलची, एक रीत अशीच अंगावर येते. शून्याने सुरू होणारी संख्या बॅश अष्टमान पद्धतीची समजते आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत. महिन्याचा दोन अंकी क्रमांक घेऊन त्यात बेरीज-वजाबाकी करणारी स्क्रिप्ट जानेवारी ते जुलै विनातक्रार चालते, १ ऑगस्टला बंद पडते आणि ऑक्टोबरात आपोआप दुरुस्त होते. असा आजार ऐन सोयाबीनच्या आवकेआधी दिसतो आणि कोणी उपाय करण्याआधी नाहीसा होतो. मग वर्षभर त्याची आठवण कोणाला राहत नाही. संख्येच्या आधी 'दशमान' अशी खूण, म्हणजे दहाचा अंक आणि त्यापुढे हॅश, लिहिली की हा दोष कायमचा जातो. पण नुसती ती खूण पाहून तिचे प्रयोजन नव्या माणसाला कळणे अवघड आहे.

नावांच्या जुळवणीविषयी मात्र असे एका ओळीचे उत्तर माझ्याजवळ नाही. 'ॲड.' हे वकिलांच्या नावापुढचे अक्षर घ्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी आणि पुष्कळदा त्यानंतरही 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिले गेले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते वेगळे आहेत, आणि युनिकोडची अधिकृत समानीकरणाची पद्धतही त्यांना एक मानत नाही. 'कऱ्हाळे', 'कुऱ्हाडे' यांसारख्या आडनावांतील अर्धा र असाच दोन प्रकारे टंकला जातो. पतसंस्थेच्या यादीत एकच सभासद यामुळे दोनदा दिसतो, आणि सारख्या ओळी एकत्र करणारी 'युनिक' ही कमांड त्यापुढे हतबल ठरते. मी अशा जोड्यांची एक वेगळी फाइल ठेवली आहे आणि तुलना करण्यापूर्वी दोन्ही याद्या तिच्यातून गाळून घेते. ती फाइल वाढतच असते. माझ्या कामातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी तीच दाखवीन, कारण ती येथील माणसांच्या नावांतूनच घडली आहे.

घड्याळाविषयी थोडक्यात. भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री २ वाजता म्हणून लावलेले काम सकाळी साडेसातला सुरू होते, हे एक वेळ चालून जाईल. परंतु १ एप्रिलला पहाटे २ वाजता घेतलेल्या बॅकअपच्या नावात सर्व्हर ३१ मार्च ही तारीख घालतो, आणि आर्थिक वर्ष बदलण्याच्या त्या रात्री हिशेबनिसाला नेमकी तीच फाइल कोणत्या वर्षाची हे जाणून घ्यायचे असते. वेळेचा प्रदेश स्क्रिप्टमध्येच लिहावा, सर्व्हरच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचे तसे नाही. तिच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. लाइट जाते. यूपीएसची बॅटरी पहिल्या वर्षी असते तशी तिसऱ्या वर्षी नसते. त्यामुळे रात्री २ वाजता संगणक चालू असेलच, हे गृहीत धरणारी स्क्रिप्ट आपल्याकडे पहिल्या पावसातच उघडी पडते. क्रॉन हुकलेले काम पुन्हा करत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन आहे, आणि नव्या लिनक्समध्ये सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरला हुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर करण्यास सांगता येते. दुसरी काळजी अर्धवट फाइलची. बॅकअप लिहिला जात असताना लाइट गेली, तर कालची चांगली फाइल पुसली गेलेली आणि आजची अपुरी, अशी अवस्था होते. म्हणून नेहमी वेगळ्या नावाने लिहावे, लिहून पूर्ण झाल्यावर ते डिस्कवर उतरले याची खात्री करावी आणि मगच नाव बदलावे. एकाच फाइल सिस्टममध्ये नाव बदलणे हे एक तर पूर्ण होते किंवा होतच नाही, अधले-मधले राहत नाही. तिसरी काळजी अशी, की हुकलेले काम आणि नेमलेले काम एकाच वेळी सुरू होऊ शकते, आणि त्यावर एका वेळी एकालाच चालू देणारे 'फ्लॉक' हे कुलूप पुरेसे आहे. जिंतूरहून परभणीला फाइली पाठवताना मध्येच नेट तुटले, तरी 'पार्शल' हा पर्याय दिलेली 'आरसिंक' पुन्हा चालवल्यावर उरलेला भाग पुढे पाठवते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आणलेली ही कमांड मंद जोडणीवर बदललेला तेवढाच भाग पाठवते, आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या नेटसाठीच ती घडवली असावी असे मला आजही वाटते.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक जागा अशी आहे, की जिथे मी प्रत्येक नव्या ठिकाणी प्रथम पाहते. डेटाबेसची प्रत काढणारी कमांड आणि ती दाबून लहान करणारी 'जीझिप' पाइपने जोडलेल्या असतात. पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडीचा निकाल, हा शेलचा नियम आहे. पासवर्ड बदलल्यामुळे डेटाबेसने दारच उघडले नाही, तरी जीझिप आलेला 'शून्य' मजकूर व्यवस्थित दाबून ठेवते आणि सर्व ठीक असल्याचे कळवते. अशी फाइल २० बाइटची असते. रोज नव्या तारखेची फाइल तयार होते, फोल्डर भरलेले दिसते, आणि जुन्या फाइली पुसणारी दुसरी स्क्रिप्ट आपले काम निष्ठेने करत एक-एक करून शेवटची खरी प्रतही पुसून टाकते. 'पाइपफेल' हा पर्याय चालू करणे आणि फाइलचा आकार तपासणे, एवढ्याने हे टळते. मोठ्यांच्या घरीही असे घडते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेसच्या फाइलींचे फोल्डर पुसले गेले, आणि प्रत शोधू जाता असे दिसले, की डेटाबेसची आणि प्रत काढणाऱ्या साधनाची आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप होतच नव्हते. तसे कळवणाऱ्या ईमेलही वाटेत नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तास आधी वेगळ्या कारणाने घेतलेली एक प्रत होती म्हणून बहुतेक माहिती वाचली. त्या कंपनीने हे सारे सविस्तर प्रसिद्ध केले, याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे.

त्याहून जास्त विचारात पाडणारी घटना जानेवारी २०१५ मधील आहे. स्टीम या खेळांच्या सेवेच्या लिनक्स आवृत्तीतील एका स्क्रिप्टमध्ये, ठरावीक फोल्डरच्या आत असलेले सर्व काही पुसण्याचा आदेश होता. फोल्डरचे नाव एका व्हेरिएबलमध्ये यायचे. वापरणाऱ्याने फोल्डर हलवले असता ते व्हेरिएबल रिकामे राहिले आणि आदेशाचा अर्थ 'मुळापासून सर्व काही पुसा' असा झाला. त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने टीप दिली होती: 'भीतीदायक!' म्हणजे धोका त्याला दिसला होता. पण आपल्याला भीती वाटते एवढेच त्याने लिहून ठेवले; कशाची आणि कधी, हे लिहिले नाही. 'हे व्हेरिएबल रिकामे असेल तर सगळे जाईल' असे वाक्य तो लिहिता, तर ते लिहिता-लिहिताच त्याने ती अट घातली असती, असे मला वाटते. बॅशमध्ये व्हेरिएबलचे नाव महिरपी कंसात घेऊन त्या कंसातच नावापुढे कोलन, म्हणजे विसर्गासारखे दिसणारे इंग्रजी चिन्ह, आणि प्रश्नचिन्ह दिले, की रिकाम्या नावावर स्क्रिप्ट जागीच थांबते.

क्नुथ आणि मॅकिलरॉय यांच्यात मला कोणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही, ती यामुळेच. कोडच्या बाबतीत मॅकिलरॉय यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. जिथे कामाला सहा ओळी पुरतात तिथे साठ लिहिणे हा पुढच्या माणसावर अन्याय आहे. मात्र त्या सहा ओळींच्या माथ्यावर क्नुथ यांच्या वृत्तीचा एक परिच्छेद असावा, आणि आपल्याकडे तो मराठीत असावा. 'जुन्या फाइली पुसणे' अशी टीप मला नको असते, कारण तेवढे तर कमांड स्वतःच सांगते. मला हवे असते ते असे: 'सात दिवसांहून जुन्या म्हटले, तरी ही कमांड पूर्ण चोवीस तासांचे दिवस मोजते, त्यामुळे फाइल आठ दिवसांची झाल्यावरच जाते. डिस्क लहान असल्याने मुदत वाढवू नये. शेवटच्या तीन फाइली कितीही जुन्या झाल्या तरी पुसल्या जात नाहीत, कारण दिवाळीत दुकान बंद असते आणि नवी फाइल होत नाही.' असा परिच्छेद वाचून हिंगोलीच्या पॉलिटेक्निकमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलगीसुद्धा ठरवू शकते, की आता डिस्क मोठी घेतली आहे, तेव्हा मुदत वाढवायला हरकत नाही.

देवनागरीत टिपा लिहिल्याने स्क्रिप्ट बिघडते, असा एक समज आहे, तो खरा नाही. हॅशच्या पुढे ओळीअखेरपर्यंत काय आहे याकडे शेल पाहतही नाही. बिघाड होतो तो दुसऱ्याच कारणाने. विंडोजवरील काही एडिटर प्रोग्रॅम यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी तीन बाइटची एक अदृश्य खूण घालतात, त्यामुळे कोणत्या शेलने चालवावे हे सांगणारी पहिली ओळ ओळखली जात नाही. आणि विंडोजच्या ओळीअखेरच्या खुणा लिनक्सला परक्या असतात. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे, की स्क्रिप्ट सर्व्हरवरच संपादित करायची, आणि ती बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदवताना नोंदीचा मजकूरही मराठीतच लिहायचा.

जिंतूरच्या एका जिनिंगमध्ये माझ्या बॅकअपच्या स्क्रिप्टची वेळ तेथील तरुण लेखनिकाने रात्री दोनऐवजी दुपारी तीन केली. मला विचारले नव्हते. माझ्या परिच्छेदाखाली त्याने लिहिले होते, की कापसाच्या हंगामात रात्रपाळीला गाठी बांधण्याचा प्रेस सुरू होताना विजेचा दाब खाली येतो आणि यूपीएस तक्रार करते. दुपारी तीनला काट्यावर गाड्या नसतात आणि संगणक मोकळा असतो. हंगाम संपला की वेळ पुन्हा रात्रीची करावी. हे मला माहीत नव्हते आणि परभणीत बसून माहीत होण्यासारखेही नव्हते. ती वेळ मी तशीच ठेवली आहे आणि मानवत व सेलू येथील जिनिंगवाल्यांना प्रेस कधी सुरू होतो हे विचारून तिथल्या स्क्रिप्टमध्येही त्याच्या त्या तीन ओळी, आवश्यक तेवढा बदल करून, घातल्या आहेत.